तेरा नंबरची काडी

कॉफीच्या रांगेत ऑरिन वेस्टरगार्डच्या पुढे एक बाई उभी होती. तिच्या हातून हातमोजा पडला म्हणून ती वाकली, आणि नेमकी त्याच वेळी काउंटरमागच्या मुलीने मान वर करून विचारलं, "हं, पुढे कोण?" वेस्टरगार्ड पुढे झाला. ठरवून नव्हे. पाऊल उचललं गेलं, तोंड उघडलं गेलं आणि त्याने आपली बिनदुधाची कॉफी सांगूनही टाकली. मग त्याला मागे कुणीतरी सरळ उभं राहिल्याचं जाणवलं. तो वळला. चूक झाली असं काहीसं पुटपुटला. बाई म्हणाली, "असू दे हो, घ्या तुम्ही." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, कारण तिचा तो साधा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. कॉफी घेऊन तो बाहेर आला. डॅव्हनपोर्टचा फेब्रुवारी होता, नदी काठापासून काठापर्यंत गोठलेली होती आणि फूटपाथवर टाकलेलं मीठ बुटाखाली करकरत होतं. काखेत बिस्किटांचा गोल निळा डबा होता. डब्यात बिस्किटं नव्हती. एक ते दीडशे आकडे घातलेल्या आइस्क्रीमच्या काड्या होत्या, दहा-दहाच्या जुड्या करून रबराने बांधलेल्या. चालताना त्या आत खुळखुळत होत्या आणि आज त्या आवाजाने त्याला घाम फुटत होता, या थंडीत.

दहाला बैठक होती. केटल प्रेअरी कॉन्फरन्सची वार्षिक बैठक. आठ लहान कॉलेजं, सगळी आयोवा आणि इलिनॉयच्या मक्याच्या शेतांत विखुरलेली, वर्षभर एकमेकांशी खेळणारी आणि वर्षातून एकदा या शहरात, जोड्यांच्या बंद पडलेल्या दुकानावरच्या ऑफिसात, टेबलाभोवती बसून एकमेकांशी भांडणारी. वेस्टरगार्ड त्यांतल्या सर्वांत जुन्या, नॉर्डाल कॉलेजचा प्रतिनिधी होता. रसायनशास्त्र शिकवायचा, अजूनही एक वर्ग घ्यायचा, सदुसष्टाव्या वर्षी. बैठकीला तो एकतीस वर्षं येत होता. काड्यांचं काम त्याहूनही जुनं होतं. कॉन्फरन्सच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत धावणारी पोरं टेकड्या आणि चिखल तुडवून शेवटच्या रेषेवर यायची, रेषेच्या पुढे दोऱ्या बांधून केलेली एक अरुंद बोळ असायची, आणि त्या बोळीच्या तोंडाशी वेस्टरगार्ड उभा असायचा. ज्या क्रमाने रेषा ओलांडली त्याच क्रमाने पोरं बोळीतून चालत यायची, आणि तो प्रत्येकाच्या हातात एक काडी ठेवायचा. काडीवरचा आकडा म्हणजे त्या पोराचा नंबर. प्रत्येक कॉलेजच्या पहिल्या पाच काड्यांची बेरीज करायची, ज्याची बेरीज कमी ते कॉलेज जिंकलं. इतकं सोपं. आता बुटाला नंबर टिपणारी चिप लावतात, दोऱ्या गेल्या, बोळ गेली. कॉन्फरन्सची कमिशनर ग्लेंडा प्रुइट हिला ऑफिसातल्या काचेच्या कपाटात त्या काड्या मांडायच्या होत्या. "सगळ्या आहेत ना प्रोफेसर? एक ते दीडशे?" तिने फोनवर दोनदा विचारलं होतं. "मला अपुरा संच नको. लोक येऊन मोजतात." त्याने काल रात्री मोजल्या होत्या. सगळ्या होत्या. तेरा नंबरचीसुद्धा.

ती काडी हाती आली की अंगठ्याला कळायचं. तिचं एक टोक जरा चिरलेलं होतं. १९८९ सालापासून दरवर्षी ती कुणा ना कुणाच्या हातात गेली होती आणि शर्यतीनंतर त्या त्या कॉलेजच्या पाकिटातून परत आली होती, आणि दरवर्षी बारा नंबर देऊन झाला की त्याचा अंगठा आपोआप सावध व्हायचा. बाकी सगळ्यांना वाटायचं, काय हा माणूस, केवढा काटेकोर, एकेक काडी देताना चेहरा बघतो. आठही कॉलेजांत त्याचं नाव होतं. कुठे काही वाद झाला की लोक म्हणायचे, वेस्टरगार्डला विचारा. त्याची बायको असताना ती हसायची. म्हणायची, तू स्वतःच्या लग्नात पाद्र्यालासुद्धा नंबर दिला असतास. तिलाही त्याने सांगितलं नव्हतं. एकदा सांगणार होता, हॉस्पिटलात, तिच्या शेवटच्या महिन्यात. पण तेव्हा ती त्याच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती की त्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि विषय तिथेच मेला.

झालं होतं एवढंच. १९८९चा नोव्हेंबर, पाऊस पडून गेला होता. मुलींची शर्यत. बारावी मुलगी बोळीतून गेली आणि मागे दोघी जवळजवळ एकत्र रेषेवर आल्या. जवळजवळ. पुढे सेंट ओडिलोची लाल बनियनवाली, मागे एक पाऊल नॉर्डालची निळी. लालने रेषा ओलांडली, बोळीत चार पावलं टाकली आणि गुडघ्यांवर कोसळली. निळी तिच्यावर अडखळली, दोरीला धरून कशीबशी सावरली आणि पुढे आली. नियम स्पष्ट होता. बोळीत कुणी पडलं तर मागच्याला थांबवायचं, पडलेल्याच्या हातात काडी द्यायची, मगच रांग हलवायची. हा नियम त्यानेच टाइप करून आठही कॉलेजांना पाठवला होता. मागून आणखी पोरी येत होत्या, कुणीतरी ओरडत होतं, कोसळलेली मुलगी चिखलात हात टेकून उठायचा प्रयत्न करत होती, आणि त्याच्यासमोर एक पसरलेला हात आला. क्रिस्टन ऑनेचा हात. मंगळवारच्या प्रयोगशाळेत पहिल्या बाकावर बसणारी क्रिस्टन. त्याने तिच्या हातावर तेरा नंबर ठेवला. इथपर्यंत चूक म्हणता आली असती. तेहतीस वर्षं तो इथपर्यंत येऊन थांबायचा प्रयत्न करत होता, पण आठवण थांबायची नाही. क्रिस्टन पुढे न जाता मागे वळली होती. धापा टाकत म्हणाली होती, "सर, ती..." आणि तो म्हणाला होता, "चला, पुढे चला." तेव्हा त्याला लाल रंग दिसत होता, निळा दिसत होता. बेरीज त्याने केली नव्हती, शप्पथ, बेरीज तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. पण आपल्या पोरीला एक नंबर वरचा मिळतोय हे त्याला माहीत होतं आणि ते त्याला बरं वाटलं होतं. चौदा नंबर त्याने चिखलाने भरलेल्या हातात ठेवला. तिने काडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. अर्ध्या तासाने बेरजा लागल्या. नॉर्डाल एकसष्ट, सेंट ओडिलो बासष्ट. काड्या उलट असत्या तर आकडेही उलट झाले असते. तक्रारीची मुदत निकालानंतर तीस मिनिटं असते. तो टेबलाशी घड्याळाकडे बघत उभा राहिला. कुणीच आलं नाही. नॉर्डालच्या पोरींचं ते पहिलं आणि शेवटचं विजेतेपद, त्याची निळी पताका अजूनही जिममध्ये टांगलेली होती, आणि तिच्याखालून जायला नको म्हणून तो तेहतीस वर्षं मागच्या दाराने जात होता.

ती लाल बनियनवाली मुलगी आता वरच्या मजल्यावर बसलेली असणार होती. मॉरीन ड्वोराक. सेंट ओडिलोची क्रीडा-संचालक, त्रेपन्न वर्षांची, आखूड कापलेल्या केसांची. गेली नऊ वर्षं ती या बैठकीला येत होती, दरवेळी त्याला "गुड मॉर्निंग, प्रोफेसर" म्हणत होती, आणि दरवेळी तो तिच्या शब्दांत काहीतरी शोधायचा आणि काही सापडायचं नाही. आज तिच्या कॉलेजला कॉन्फरन्समधून काढण्याचा ठराव होता. नियमाप्रमाणे प्रत्येक कॉलेजचे दहा खेळ हवेत, सेंट ओडिलोचे नऊ उरले होते. सेंट ओडिलोला स्वतःच्या ठरावावर मत नव्हतं, उरलेल्या सात मतांतली पाच पडली की संपलं. काल संध्याकाळी नॉर्डालच्या प्रेसिडेंटचा फोन आला होता. "ऑरिन, आपण ठरावाच्या बाजूने. मोठं स्टेडियम असलेलं एक कॉलेज आत यायला बसलंय, जागा रिकामी व्हायला हवी. तुला फक्त 'हो' म्हणायचंय." तो "ठीक" म्हणाला होता. जिना चढताना डबा खुळखुळला आणि त्याने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

खोलीत हीटर जास्त लावलेला होता. ग्लेंडा प्रुइट टेबलाच्या टोकाशी, तिच्यासमोर लाकडी हातोडी. तिने डब्याकडे पाहून मान डोलावली, "बैठक झाली की बघू," म्हणाली. ठराव मांडणारा ब्रॅडवेल कॉलेजचा टाय रॅडमाकर उठून उभा राहिला. हा माणूस सगळ्यांचा लाडका, जाडजूड, पूर्वीचा फुटबॉलवाला. वाईट नव्हता, म्हणून जास्त धोक्याचा.

"हे बघ मॉरीन, मनाला लावून घेऊ नकोस," टाय म्हणाला. "आम्हाला काय तुम्ही नकोसे झालाय का? तुमच्याकडची चेरी पाय खायला मिळणार नाही याचंच मला दुःख आहे. पण नियम म्हणजे नियम. दहा म्हणजे दहा."

"कुस्ती पुढच्या वर्षी परत सुरू होतेय," मॉरीन म्हणाली. "प्रशिक्षक नेमलाय. कागद तुझ्यासमोर आहे, टाय. वाचून बघ, चष्मा असेल तर."

दोघं-तिघं हसले. टायही हसला. "कागद दरवर्षीच असतो. बाई गं, खरं सांगू? चाळीस वर्षांत तुम्ही एकदा तरी काही जिंकलंय का? एक तरी? मी काल सगळी जुनी वह्या-पुस्तकं चाळली. पुरुष, बायका, सगळे खेळ. शून्य. अहो, एखादं चुकून तरी."

"एकदा एका गुणाने हरलो होतो," मॉरीन म्हणाली.

"एका गुणाने हरलेल्यांची पताका नसते," टाय म्हणाला, आणि यावेळी सगळेच हसले. ग्लेंडासुद्धा. मॉरीनही हसली, थोडंसं, तिने वेस्टरगार्डकडे पाहिलंसुद्धा नाही. बोल, त्याने स्वतःला सांगितलं. आत्ता. दोन वाक्यं आहेत. त्याने ओठ ओले केले. त्याच्या शेजारचा माणूस पेन्सिल फिरवत होता, ती पेन्सिल त्याला दिसत राहिली, तिचं चावलेलं टोक, आणि वाक्य जिभेपाशी येऊन कोरडं पडलं.

"आमची निम्मी पोरं खेळायला म्हणून येतात," मॉरीन म्हणत होती. "शिकायला नाही, खेळायला. येतात खेळायला आणि मग शिकतात, नर्स होतात, मास्तर होतात. कॉन्फरन्स नसेल तर खेळायचं कुणाशी? दोन वर्षांत आम्ही दाराला कुलूप लावू. मी घाबरवत नाहीये. तुम्हाला हे माहीत असावं म्हणून सांगतेय. मग जे करायचं ते करा."

ग्लेंडाने नावं पुकारायला घेतली. या कॉन्फरन्सची रीत अशी की सर्वांत नवं कॉलेज आधी मत देतं आणि सर्वांत जुनं शेवटी. हो. हो. नाही. हो. टायचं हो. नंतरच्या म्हाताऱ्या प्रतिनिधीने घसा खाकरून नाही म्हटलं. वेस्टरगार्डला आकडे मोजायची गरज नव्हती, त्याचं डोकं आयुष्यभर तेच करत आलं होतं. चार आणि दोन. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. पुन्हा एकदा तो बोळीच्या तोंडाशी उभा होता आणि कुणीतरी चिखलात गुडघ्यांवर होतं.

"नॉर्डाल?" ग्लेंडा म्हणाली.

प्रेसिडेंटचा आवाज त्याच्या कानात होता. उद्या त्याला बोलावून घेतील, गोड बोलतील, प्रतिनिधी दुसरा नेमतील. त्याच्या एकट्या घरात वर्षाकाठी येणारी ही एक बैठक आणि ती एक शर्यत एवढंच काय ते उरलं होतं. पण त्याहून मोठी गोष्ट त्याला एकाएकी दिसली आणि त्याला हलकं हलकं वाटलं. एक शब्द बोलायचा, आणि फिटलं. काडी गेली, कॉलेज वाचलं. कुणाला काही सांगायला नको, पताका जागच्या जागी, नाव जागच्या जागी. तेहतीस वर्षांचं ओझं असं एका शब्दात उतरणार हे त्याला आधी का सुचलं नव्हतं?

"नाही," तो म्हणाला.

"प्रोफेसर?" टाय म्हणाला. "नाही म्हणजे, ठरावाला नाही?"

"ठरावाला नाही."

ग्लेंडाने कागदावर लिहिलं, हातोडी टेकवली. चार विरुद्ध तीन, ठराव नामंजूर, नियमाप्रमाणे वर्षभर हा विषय पुन्हा आणता येणार नाही. टायने खांदे उडवले आणि मॉरीनकडे बघून म्हणाला, "चेरी पाय आणायची, समजलं?" मग सगळे खुर्च्या सरकवून उठले, कॉफीकडे वळले. वेस्टरगार्डला वाटलं होतं की आता सुटल्यासारखं वाटेल. तो वाट बघत बसला. डबा मांडीवर होता. कॉफीच्या दुकानातल्या त्या बाईचा चेहरा मात्र पुन्हा पुन्हा येत होता, असू दे हो, घ्या तुम्ही.

तो डबा घेऊन बाहेर आला. पॅसेजमध्ये मॉरीन खिडकीपाशी एकटी उभी होती. तिने त्याला पाहिलं तसे हात कोटाच्या खिशात घातले.

"थँक यू, प्रोफेसर," ती म्हणाली. "तुमच्या कॉलेजला हे आवडणार नाही, मला ठाऊक आहे."

तो मान डोलावून जाऊ शकला असता. जिना चार पावलांवर होता.

"तू पुढे होतीस," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी एकेरी हाक मारली नव्हती. "त्या दिवशी. एक पाऊल. मी पाहिलं होतं."

मॉरीनने मान वळवून खिडकीबाहेर नदीकडे पाहिलं.

"मला माहीतेय," ती म्हणाली. "पाय माझे होते ना."

"मग तेव्हा तक्रार का नाही..."

"केली की. सिस्टर बर्नार्डाकडे केली. आमच्या प्रशिक्षक होत्या, आठवतात ना, रबरी बूट घालून उभ्या असायच्या. मी म्हटलं, सिस्टर, मी तेरावी आले. तर म्हणाल्या, बाळ, तू पडली होतीस, तुला काय दिसणार? काड्या वेस्टरगार्ड देत होते. त्या माणसाचा हात चुकत नाही. जा, अंग पुसून घे." ती म्हणाली. "बसमध्ये पोरी रडत होत्या. तू पडली नसतीस तर आपण जिंकलो असतो, असं मला कुणी म्हणालं नाही. पण मला ते चार वर्षं ऐकू येत होतं. सिस्टर गेल्या तेव्हा मी त्यांच्यापाशी होते. तेव्हाही वाटलं, विचारावं, आता तरी विश्वास बसतो का. नाही विचारलं."

शर्यत चोरली हे वेस्टरगार्डला माहीत होतं. त्या पोरीचा शब्दही आपल्याच नावाखाली चिरडला गेला, हे त्याला तेहतीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. आपलं चांगलं नाव त्याने किती जपलं होतं.

"आजचं मत त्यासाठी होतं का?" मॉरीनने विचारलं.

"हो," तो म्हणाला. खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. "मला वाटलं, त्याने फिटेल."

"नाही फिटत." ती रागावली नव्हती. "मत कॉलेजचं होतं. ते मिळालं, मी घेतलं, त्यासाठी थँक यू म्हणून झालं. काडी माझी होती."

तिने खिशातून हात काढला आणि त्याच्यासमोर धरला. तळवा वर, बोटं जुळवलेली. बोळीतून येणारी पोरं धरायची अगदी तसा. वेस्टरगार्डने डब्याचं झाकण काढलं. दुसरी जुडी, रबर जुनं होतं, ओढताच तुटलं आणि काड्या त्याच्या बोटांतून विस्कटल्या. बघायची गरज नव्हती. अंगठ्याला चिरलेलं टोक लागलं. त्याने काडी तिच्या तळव्यावर ठेवली. मॉरीनने ती उजेडात धरून आकडा वाचला, मग कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि बटण लावलं.

"आता आत जा," ती म्हणाली. "ग्लेंडा मोजेल. ती मोजल्याशिवाय राहत नाही. एक कमी भरेल तेव्हा विचारेल. काय सांगायचं ते तुम्हाला माहीतेय."

"तू येतेस?"

"मी कशाला? मी सांगून बसलेय एकदा."

ती जिना उतरून गेली. खालचं दार उघडलं, थंड हवेचा झोत वरपर्यंत आला, दार बंद झालं. वेस्टरगार्ड डबा धरून उभा राहिला. आतून टायचं मोठ्याने हसणं ऐकू येत होतं. दहा मिनिटांत सगळे गाड्यांत बसून आपापल्या गावांना जातील, मग ग्लेंडा एकटी उरेल, तिला सांगणं सोपं, ती कुणाला बोलणारही नाही कदाचित. तो दहा मिनिटं थांबू शकत होता. तीस मिनिटं थांबायची त्याला सवय होती. त्याने दार ढकललं.

"आलात? ठेवा इथे," ग्लेंडा म्हणाली, आणि टेबलावरचे कागद बाजूला सारून तिने डबा उपडा केला. सगळे कप हातात घेऊन गोळा झाले. प्रत्येकाने कधी ना कधी त्या काड्यांच्या बेरजा केल्या होत्या. कुणी म्हणालं, बापरे, अजून शाई टिकलीय. टायने एक उचलून वास घेतला. ग्लेंडा बोटाने सरकवत मोजू लागली. पहिली जुडी नीट होती. दुसरीशी ती अडली, पुन्हा मागे गेली, सुट्या काड्या ओळीने लावल्या.

"अकरा, बारा, चौदा," ती म्हणाली. "प्रोफेसर, तेरा कुठेय? तुम्ही म्हणालात सगळ्या आहेत."

टाय हसला. "आता तुमचा हात चुकला म्हणायचं की काय, ऑरिन?"

"होय," वेस्टरगार्ड म्हणाला. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. "ती सेंट ओडिलोच्या मुलीची होती. बसा सगळे. ती पताका आपल्याला उतरवावी लागेल."